एकशे दहावर थांबलेला काटा

१

दादा गेला त्या दिवशी सगळ्यांनी एकच सांगितलं, की सिलिंडर फुटला.

समोरच्या लाँड्रीवालीनं तसं सांगितलं, पोलिसांनी तसं लिहून घेतलं, आणि चार दिवसांनी फौजदारांनी एक छापील फॉर्म पुढं सरकवून काटेबाईंनाही तेच सांगितलं. "तुमची सही झाली की अपघात म्हणून बंद करतो. घरच्या लोकांना उगीच त्रास नको."

काटेबाई म्हणजे दाबाखालच्या टाक्या तपासणाऱ्या अधिकारी. बॉयलर, गॅसच्या टाक्या, हवेचे सिलिंडर यांत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. गेजवर दोन टिचक्या मारल्याशिवाय त्या काट्यावर विश्वास ठेवत नसत, म्हणून ऑफिसात त्यांचं हे नाव पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

फॉर्म त्यांनी पर्समध्ये ठेवला. "आधी बघू तर द्या," त्या म्हणाल्या.

गॅरेज लांबट होतं. मधोमध जाड काचेची एक भिंत. तिच्या अलीकडं बटणं, एक लिव्हर आणि दोन खुर्च्या. पलीकडं लोखंडी घोडीवर गाडीचं इंजिन बसवलेलं. इंजिनापासून पाच-सहा पावलांवर, उजव्या भिंतीला, पाणबुडे पाठीवर घेतात तसे हवेचे तीन सिलिंडर साखळीनं बांधलेले होते. पहिल्याच्या मागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. खाली जमिनीवर कोणीतरी पाणी ओतून धुतलं होतं, पण डाग पुरता गेला नव्हता.

बाई गुडघ्यांवर बसल्या. सिलिंडरवरून त्यांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, मग तो हलवून बुडाखालीही पाहिलं. चीर नाही, फुगवटा नाही, शिवण उसवलेली नाही.

"फौजदारसाहेब, हा फुटलेला नाही."

"म्हणजे?"

"सिलिंडर धड आहे. जळालाय तो वरचा रेग्युलेटर."

रेग्युलेटर दादानं स्वतः लेथवर बनवलेला होता, ॲल्युमिनियमचा. आता त्याचा निम्मा भाग उरला होता आणि त्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. भोकाची कड बाहेरच्या बाजूला वितळून ओघळली होती. आतून सगळं पांढरं भुरभुरीत झालं होतं.

बाईंनी ती पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि उजेडात धरून चोळून पाहिली.

"बाहेरून आग लागली असती तर हा बाहेरून जळाला असता," शेवटी त्या म्हणाल्या. "हा आतून जळत बाहेर आलाय. धातू असा कागदासारखा पेटायला साधी हवा पुरत नाही. या सिलिंडरमध्ये हवा नव्हती, साहेब. ऑक्सिजन होता."

२

दादा कोण होता ते आता सांगायला हवं.

पन्नाशीचा माणूस. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरायचा आणि उरलेला सगळा वेळ एकाच वेडात घालवायचा. इंजिन म्हणजे श्वास घेणारं जनावर, असं तो म्हणे. जितकी जास्त हवा छातीत जाईल तितकं जास्त पेट्रोल जळेल आणि तितका जोर वाढेल. मोठ्या कंपन्या इंजिनाच्याच धुरावर किंवा पट्ट्यावर पंखा फिरवून हवा कोंबतात. दादाला ते पटत नसे. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याच्याच ताटातलं काढून त्याला भरवायचं, ही कसली रीत, असं त्याचं म्हणणं.

म्हणून तो भलतेच मार्ग शोधायचा. डावीकडच्या फळीवर त्याचे सगळे फसलेले प्रयोग ओळीनं मांडलेले होते. बागेतला पालापाचोळा उडवायचं फुंकयंत्र, त्याला इंजिनाच्या तोंडाला बसेल असा पत्र्याचा गळा जोडलेला. व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी पाठीला पाठ लावून. ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी. आणि एका जुन्या स्कूटरचं इंजिन, जे गाडीच्या डिकीत बसून फक्त हवेचा पंखा फिरवायचं.

अखेरचा प्रयोग सगळ्यांत साधा होता. हवा आधीच सिलिंडरमध्ये दाबून भरायची, आणि चढणीच्या शर्यतीत नेमक्या वेळी ती वीस सेकंदांत इंजिनात सोडायची. रविवारी शर्यत होती. शुक्रवारी सकाळी शेवटची चाचणी.

भिंतीवरच्या फळ्यावर दादाच्या अक्षरात आकडे होते. प्रत्येक चाचणीआधी तो पहिल्या सिलिंडरचा दाब लिहायचा. एकशे ऐंशी, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी. मग 'गुरुवार सकाळ – रिकामा.' आणि शेवटची ओळ, 'शुक्रवार सकाळ – एकशे दहा.'

बाईंनी गेज उचलून टिचक्या मारल्या. काटा मोकळा होता.

"ऑक्सिजन असला म्हणून काय झालं?" फौजदारांनी विचारलं. "आपण तोच घेतो की श्वासात."

"दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब, एवढं पुरतं. झडप उघडली की आग. ठिणगीसुद्धा लागत नाही. आणि या गॅरेजात तेल कशाला लागलेलं नाही सांगा. दादा झडपेसमोर बसून उघडत होता. त्याला हलायलाही वेळ मिळाला नसेल."

"हे कोणाला माहीत असतं?"

"गॅस वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला."

फौजदारांनी टोपी डोक्यावर घातली. इतका वेळ कंटाळलेला त्यांचा चेहरा एकदम सावध झाला होता. "वेल्डिंग करणारा इथं एकच आहे. दादाच्या हाताखालचा फिटर, त्या दिवशी तोही भाजलाय. आदल्या आठवड्यात त्याचं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या गल्लीनं ऐकलंय. मी हवालदार पाठवतो दवाखान्यात."

बाईंना आपलेच शब्द परत घ्यावेसे वाटले. पण तोवर फौजदार दाराबाहेर पडले होते.

३

फिटर दवाखान्यात पाठीला उशी लावून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. साठीकडं झुकलेला, शांत माणूस. दाराशी हवालदार स्टुलावर बसला होता.

"हात कसे भाजले?" बाईंनी विचारलं.

"दादाला ओढताना."

"तुम्ही कुठं होता?"

"काचेच्या अलीकडं. आमचा नियमच तसा. दादा हातानं झडप उघडणार, मग काचेमागं येणार, मग मी इंजिन सुरू करणार. इंजिन चालू असताना पलीकडं कोणी थांबायचं नाही. दादानं झडप फिरवली आणि... पांढरा उजेड होता, मॅडम. वेल्डिंगचा असतो तसा. मी तीस वर्षं बघतोय तो उजेड. तेव्हाच कळलं मला, की ही हवा नाही."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पहिला मीच. आता झालंच की तसं."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "भांडण कशावरून झालं?"

"पोरीवरून. दादाची मुलगी रविवारी गाडी चालवणार होती. दोन वर्षांमागं दादाचा धाकटा भाऊ चालवत होता. ते स्कूटरचं इंजिन डिकीत बसवलं होतं ना, त्याचा पट्टा भर वळणावर तुटला. गाडी उलटली, धाकट्याचा पाय कायमचा अधू झाला. मी म्हटलं, दादा, तुझं डोकं तू तुझ्या जिवावर चालव, लेकीच्या नको. तो म्हणाला, तीच मागं लागलीये. ते खरंच होतं. बावीस वर्षांची आहे, पण हात असा, की गाडी तिच्याशी बोलते. मी म्हटलं, ही शर्यत झाली की मी निघालो."

"सिलिंडर भरायचं काम कोणाचं?"

"माझं. कॉम्प्रेसरवर. एकशे ऐंशी झाले की तो आपोआप बंद पडतो. गुरुवारी भरणार होतो, पण दुपारी आम्ही तिघं चढणीवर गेलो. दादा, मी आणि पोरगी. रस्ता बघायला. अंधार पडायच्या सुमारास मी तिथूनच परस्पर घरी गेलो. शुक्रवारी सकाळी दादानं गेज वाचलं, एकशे दहा. मला म्हणाला, अर्धवटच भरलास का रे? मी म्हटलं, मी कुठं भरला? मला वाटलं तू भरलास. तो हसला. म्हणाला, चाचणीपुरती आहे तेवढी हवा, चल."

बाईंनी वहीत आकडा लिहून घेतला.

"अजून एक गोष्ट मला टोचतेय," फिटर म्हणाला. "आग विझवायची तीन लाल नळकांडी आहेत आमच्याकडं. एक दाराला, एक वेल्डिंगजवळ, एक सिलिंडरांपाशी. शुक्रवारी सकाळी तिन्ही इंजिनाच्या घोडीजवळ मांडलेली होती, वाळूची बादलीसुद्धा. मला वाटलं, दादानं ठेवली. आता वाटतं, त्यानं ठेवली असती तर बोलला असता. मला पार इंजिनाला वळसा घालून जावं लागलं एक उचलायला. जागच्या जागी असतं तर..."

त्यानं पट्ट्यांत गुंडाळलेले हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

"मी भरला नाही, मॅडम. दादानं भरला नाही. मग भरला कोणी?"

४

समोरची लाँड्रीवाली मोकळ्या तोंडाची होती. "तो कॉम्प्रेसर? अहो, तो लागला की माझ्या टेबलावरची इस्त्री चालायला लागते. तासभर धडधड. मी कितीदा भांडलेय. बुधवारी, गुरुवारी नाही लागला. शपथेवर सांगते, दोन दिवस कान थंड होते."

म्हणजे सिलिंडर आवाज न करता भरला गेला होता. तसं करायचा एकच मार्ग असतो. भरलेला मोठा सिलिंडर आणि रिकामा छोटा सिलिंडर नळीनं जोडायचे. दोन्हींत सारखा दाब होईपर्यंत गॅस आपणहून वाहतो आणि थांबतो. एकशे दहा हा असा मध्येच थांबलेला आकडा त्याच्यामुळंच आला होता.

वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर कोपऱ्यात उभा होता. बाईंनी त्याचं टोपण काढून पाहिलं. पूर्ण भरलेला, तोंडावरचं प्लास्टिकचं सीलसुद्धा जागच्या जागी होतं. ऑक्सिजन इथून गेला नव्हता.

मग त्यांनी लेथखालचा खण ओढला. दादानं कोणतीही नळी कशालाही जोडता यावी म्हणून पितळेची शंभरेक जोडतोंडं बनवून ठेवली होती. प्रत्येकावर रंगानं नंबर आणि प्रत्येकाला काळपट तेलाचा थर. फक्त एकोणीस नंबर वेगळा होता. तो खणात आपल्या जागी नीट ठेवलेला होता, पण लख्ख, धुऊन पुसून कोरडा केलेला. आट्यांच्या फटीत सुद्धा घाण नव्हती. नाकाशी धरला तर साबणाचा अगदी पुसट वास.

"काय शोधताय?"

दादाचा धाकटा भाऊ दारात उभा होता, काठीवर भार देऊन, तोंडात पेटलेली सिगारेट. वेल्डिंगच्या सिलिंडरलाच त्यानं पाठ टेकवली.

"गुरुवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"घरातच. झोपलो होतो. दुसरं काय करणार? पूर्वी मी गाडीत असायचो आणि हे सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवायचे. आता पुतणी बसते." त्यानं राख जमिनीवर झटकली. "तुम्हाला वाटत असेल, मी जळत होतो. जळत होतोच. पण भाऊ होता तो माझा. पाय गेल्यावर वर्षभर त्यानं मला पाठुंगळी नेलंय."

"सिलिंडरमध्ये ऑक्सिजन होता, हे ऐकलंत?"

"ऐकलं. त्यात काय एवढं? ऑक्सिजन म्हणजे हवाच की. जरा चांगली."

बाईंनी एकोणीस नंबर त्याच्या हातात दिला. "हा जरा त्या वेल्डिंगच्या सिलिंडरला बसतो का बघा."

त्यानं सवयीनं खिशातून तेलकट फडकं काढलं, आटे त्यावर चांगले घोळले आणि जोडतोंड सीलकडं न्यायला लागला. बाईंनी चटकन त्याचा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला कळलं."

हे जोडतोंड ज्यानं धुतलं त्याला तेल आणि ऑक्सिजन यांचं वैर ठाऊक होतं. धाकट्याला ते स्वप्नातही माहीत नव्हतं.

मागच्या दारातून, घराच्या बाजूनं, कोणीतरी खोकलं. लांब, थकलेला, तळातून येणारा खोकला. आणि त्यामागोमाग एक बारीक, सतत चालणारा आवाज बाईंच्या कानांनी टिपला. पाण्यात बुडबुडे निघाल्यासारखा. तो आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता.

५

मधला दरवाजा ओलांडला की पाच पावलांवर आजोबांची खोली. दादाचे वडील. फुप्फुसं कामातून गेलेली. नाकाला बारीक नळी, आणि खाटेच्या डोक्याशी चाकाच्या गाड्यावर उभा माणसाएवढा ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याला बुडबुडणारी पाण्याची बाटली.

खोली आरशासारखी स्वच्छ होती. वॉश बेसिनपाशी साबण, दोन पांढरे पंचे. खिळ्याला तांब्याच्या नळीची गुंडाळी लटकत होती. शेजारी खांद्याला अडकवायचा छोटा सिलिंडर. भिंतीवर एक तक्ता.

दादाची मुलगी आजोबांचे पाय चेपत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"ही नळी कशाला?"

"बाबांनी बनवलीये. मोठ्यातून छोटा भरायला. आजोबांना अंगणात फिरवायचं असलं की आई भरते. बाबांनीच शिकवलं तिला. हात धुवायचे, नळी धुवायची, कोरडी करायची, मग जोडायची."

बाई तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. रोज सकाळचा दाब लिहिलेला, सुवाच्य गोल अक्षरात. एकशे चाळीस, एकशे दहा, ऐंशी, पन्नास. रोज तीस उतरायचे, एकही दिवस चुकलेला नाही. मग शेवटून दुसरा सिलिंडर. 'गुरुवार दुपार, नवा, एकशे चाळीस.' त्याखाली, 'शुक्रवार सकाळ, पंच्याऐंशी.' मग पुन्हा शनिवारी पंचावन्न, रविवारी पंचवीस, आणि त्याच दुपारी पुढचा नवा.

एका रात्रीत पंचावन्न. म्हाताऱ्या माणसाला रोज लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. एकशे चाळीसनं भरलेला मोठा, बारा लिटरचा रिकामा छोटा. दोन्ही जोडले तर काटा एकशे दहावर थांबेल. उरलेले पंचवीस आजोबांनी रात्रभरात घेतले.

"तुझी आई शर्यतीबद्दल काय म्हणायची?" त्यांनी मुलीला विचारलं.

"खूप भांडायची. माझ्याशी, बाबांशी. काकाचा पाय दाखवायची. जेवायची नाही. गुरुवारी सकाळी मात्र काहीच बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा दारात उभी राहून बाबांना म्हणाली, लवकर या. मला वाटलं, मानलं तिनं."

"जरा मला पाणी आणतेस, बेटा?"

मुलगी गेली. बाई खाटेजवळ वाकल्या. "आजोबा, गुरुवारी दुपारी तुम्ही जागे होता?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बुडबुड्यांचा आवाज चालू राहिला. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून, मध्ये श्वास घेत म्हटलं, "मुलगा गेला... माझा. सून तेवढी... राहू द्या."

६

दादाची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, स्वयंपाकघरात होत्या. कपाट उघडून सगळे डबे खाली काढले होते आणि एकेक पुसून परत लावत होत्या. काटेबाईंना बघून त्यांनी दुसरं स्टूल पुढं केलं.

"बसा. मी वाटच बघत होते."

"मी बोलते, तुम्ही ऐका," बाई म्हणाल्या. "चुकलं तर सांगा."

वहिनींनी मान हलवली.

"गुरुवारी सकाळी पहिला सिलिंडर रिकामा होता, दादांनी तसं लिहिलंय. शुक्रवारी सकाळी तो एकशे दहा झाला. कॉम्प्रेसर लागला नाही आणि वेल्डिंगच्या सिलिंडरला हात लागलेला नाही. म्हणजे घरातला ऑक्सिजन गेला. फिटर, दादा आणि मुलगी चढणीवर होते. घरात धाकटा, तुम्ही आणि आजोबा. धाकट्याला ऑक्सिजन आणि हवा यांतला फरक कळत नाही. जोडतोंड धुतलेलं होतं. तसं धुणारी, दादा सोडले तर, दोनच माणसं, फिटर आणि तुम्ही."

"हो."

"इथंपर्यंत आले तेव्हा मला वाटलं, हा खून आहे. पण तीन नळकांडी आणि वाळूची बादली मध्ये येत होती. मारायला निघालेला माणूस आग विझवायची तयारी करत नाही. आणि ती तयारी सिलिंडरापाशी नव्हती, इंजिनापाशी होती. ज्यानं हे केलं त्याला वाटत होतं, की इंजिन पेटेल. तेही सगळे काचेमागं असताना. फिटरला असं कधीच वाटलं नसतं. त्याला माहीत होतं, की आधी रेग्युलेटर पेटणार. ते माहीत नसलेलं माणूस एकच."

वहिनींच्या हातातलं फडकं डब्यावर तसंच थांबलं होतं.

"ह्यांनीच मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचा पहिला सिलिंडर आला तेव्हा. की यात लोखंडसुद्धा मेणबत्तीसारखं जळतं. म्हणून नळीला तेल लागू द्यायचं नाही. मी नळी सांभाळली. जोडतोंड सांभाळलं. माझ्या मनात एवढंच, की आपल्या हातात काही पेटू नये. रेग्युलेटर तेलकट असेल, तो आधी पेटेल, हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही, बाई. मी तिथं कधी गेलेच नव्हते चाचणीच्या वेळी. मला काचेची भिंत माहीत होती. सगळे काचेमागं असतात, एवढंच माहीत होतं."

"इंजिन जळावं म्हणून?"

"जळावं. पार वितळून जावं. रविवारच्या आत दुसरं उभं राहू नये. मी सांगून थकले होते. नवरा ऐकेना, लेक ऐकेना. लेक तर म्हणाली, आई, तू भित्री आहेस. असेन. दीर उलट्या गाडीखालून निघाला तेव्हा त्याचा पाय मी मांडीवर धरला होता दवाखान्यापर्यंत. तिचा पाय नव्हता धरायचा मला."

त्यांचा आवाज कुठंही चढला नव्हता. डबा त्यांनी कपाटात ठेवला.

"शुक्रवारी मी इथं उभी होते. इंजिनाच्या आवाजाची वाट बघत. इंजिन सुरूच झालं नाही. त्याच्या आधीच फिटरभाऊंची हाक आली."

"चार दिवस गप्प का राहिलात?"

"पहिल्या दिवशी कळलंच नाही, की माझ्यामुळं झालं. सगळे म्हणत होते, सिलिंडर फुटला. मीही तेच धरून बसले. मग शनिवारी सकाळी सासऱ्यांचा आकडा लिहिला, आणि वरचा शुक्रवारचा आकडा दिसला. खोटा लिहिता आला असता. जमलं नाही. त्यावर त्यांचा जीव आहे."

"फिटरच्या दाराशी हवालदार बसवलाय. माझ्या बोलण्यावरून."

वहिनींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्यांचे हात भाजले ना? ह्यांना ओढताना?"

"हो."

"मग चला," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. "पण आधी लेकीला मी सांगते. बाहेरून नको कळायला."

७

मुलीच्या खोलीचं दार बंद झालं. काटेबाई अंगणातल्या बाकावर बसल्या. धाकटा येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं काही विचारलं नाही; स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "माझा पाय सारखा तिच्यापुढं नाचवायला नको होता. कोणी चालायला लागलं की मी मुद्दाम काठी वाजवायचो."

बाईंनी पर्समधला छापील फॉर्म काढला. 'अपघात' पुढं चौकट होती, 'घातपात' पुढं चौकट होती. दोन्ही मोकळ्या सोडून त्यांनी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. सिलिंडर कुठून भरला, कोणी भरला, कशासाठी भरला. आग विझवायची साधनं कोणी आणि कुठं मांडली होती, हे त्यांनी सगळ्यांत वर घेतलं. न्यायाधीशानं काय ठरवायचं ते त्याचं काम होतं, पण वाचायला सुरुवात करताना त्याला ही ओळ आधी दिसायला हवी होती. शेवटी, फिटरचा यात काही संबंध नाही, असं लिहून त्यांनी खाली सही केली. बत्तीस वर्षांत छापील चौकट सोडून त्यांनी लिहिलेला हा पहिलाच कागद असेल.

दार उघडलं. आधी मुलगी बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक होता. ती कोणाकडंही न बघता काकाजवळ गेली.

"काका, आजोबांजवळ बसशील? मी परत येईपर्यंत."

"बसतो. तू कुठं निघालीस?"

"आईबरोबर."

वहिनींनी साडी बदलली नव्हती. उंबऱ्यात त्या क्षणभर घुटमळल्या, आजोबांच्या खोलीकडं पाहिलं, पण आत गेल्या नाहीत. आतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला.

पोलीस चौकी चालत दहा मिनिटांवर होती. मुलगी पुढं, तिच्या बरीच मागं वहिनी, आणि शेवटी काटेबाई. लाँड्रीवालीनं इस्त्री उभी केली आणि बघत राहिली. मुलगी झपझप चालत होती, हाताच्या मुठी आवळलेल्या. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. वहिनींनीही हाक मारली नाही.

मोठ्या रस्त्याशी रहदारी होती. एकामागून एक गाड्या जात होत्या. मुलीला मध्ये फट मिळाली, ती रस्त्यात दोन पावलं गेलीसुद्धा. मग परत फिरली आणि कडेला उभी राहिली. समोरच्या गाड्यांवर नजर ठेवून, एक हात मागं धरून, आई येऊन पोचेपर्यंत ती तशीच थांबली.